सीओटू वेल्डिंग: मशीनची बटणं फिरवण्याआधी या चुका टाळा

एप्रिलमध्ये कुपवाडच्या एमआयडीसीत पत्र्याच्या शेडखाली पंख्याशिवाय दहा मिनिटं उभं राहून दाखवा. आमच्या शॉपमध्ये त्याच पंख्यानं एकदा अख्खी सकाळ खाल्ली. "साहेब, मशीनच बाद झालंय, नुसती भोकं पडाय लागल्यात," म्हणत मिस्त्री आला. आम्ही व्होल्टेज वर-खाली केलं, वायरचं स्पूल बदललं, सिलिंडर बदलला. जेवणाच्या सुट्टीत कुणीतरी पंखा बंद केला आणि सुट्टीनंतरचा पहिलाच जोड स्वच्छ आला.

रॉडच्या वेल्डिंगमध्ये रॉडवरचा लेप जळून जोडाला वायूचं आणि स्लॅगचं, म्हणजे वरच्या कडक कवचाचं, पांघरूण घालतो. सीओटू म्हणजे कार्बन डायऑक्साइडच्या वेल्डिंगमध्ये मशीन हातातल्या टॉर्चमधून सलग वायर सोडतं. ती वायर उघडी असते, त्यामुळे वितळलेल्या लोखंडाला हवेपासून वाचवायला नोझलमधून येणारा गॅस तेवढा असतो. ताशी आठेक किलोमीटरची झुळूकसुद्धा तो उडवून नेते. पंखा लावा, पण रोख जोडाकडे नको, आणि मधे एखादा पत्रा आडवा धरा.

भोकं दिसली की गॅस वाढवायचा, ही त्यापुढची चूक. 1.2 मिमी वायरला मिनिटाला 12 ते 15 लिटर गॅस पुरतो. तो फार वाढवला की नोझलच्या तोंडाशी घुसळण होते आणि बाहेरची हवा आत ओढली जाते. म्हणजे गॅसचं बिलही वाढलं आणि भोकंही वाढली. नोझलमध्ये स्पॅटर, म्हणजे उडालेले धातूचे थेंब, साठला तरी हाच प्रकार होतो. तो दर थोड्या वेळानं काढायचा, दिवस संपल्यावर एकदाच नाही.

सिलिंडरच्या काट्यावरही फार विसंबू नका. भरलेल्या सिलिंडरमध्ये कार्बन डायऑक्साइड द्रवरूपात असतो, त्यामुळे द्रव शिल्लक असेपर्यंत 20 अंश तापमानाला काटा साधारण 57 बारवरच उभा राहतो. काटा पडायला लागला म्हणजे द्रव संपला, आता थोडाच वेळ. खरा हिशेब वजनाचा: मानेवर कोरलेलं रिकामं वजन वजा करा. रेग्युलेटरवर बर्फ धरत असेल तर हीटरची पिन लागली आहे का ते आधी बघा. आमच्याकडे ती पिन निम्म्या वेळा मोबाइलच्या चार्जरसाठी काढलेली असते.

कुठलं बटण काय करतं

व्होल्टेजनं आर्कची लांबी ठरते, वायरच्या वेगानं अँपिअर. अँपिअर कमी पडताहेत म्हणून नुसतं व्होल्टेज वाढवलं तर जोड रुंद आणि चपटा होतो, कडेला अंडरकट, म्हणजे खाच, पडतो. सुरुवातीला एक अंदाज धरा: अँपिअरला 0.05 नं गुणून त्यात 14 मिळवा. 200 अँपिअरला 24 व्होल्ट येतात. तिथून पुढे कानानं जुळवायचं.

टॉर्च नेहमी पॉझिटिव्हला. हल्ली गावोगावी 'गॅस नको' म्हणून छोटी मशीनं येतात, त्यातल्या आत फ्लक्स, म्हणजे रॉडच्या लेपासारखी पूड, भरलेल्या वायरला बहुतेक वेळा उलटी, म्हणजे निगेटिव्ह टॉर्च लागते. साधी वायर त्या मशीनवर गॅसशिवाय चालवली तर हातात चाळणीच येईल.

मशीनच्या डोक्यावर फुटणारी खापरं

आर्क अडखळत असेल तर आधी अर्थिंगचा क्लँप बघा. तो रंगावर किंवा गंजावर लावलेला असतो. ग्राइंडरनं रुपयाएवढी जागा घासून तिथे लावा. मग टिप, म्हणजे टॉर्चच्या तोंडातला वायरला करंट देणारा तुकडा, बघा. भोक झिजून लांबट झालं की वायरला करंट धड मिळत नाही. टिप स्वस्त आहे, तिच्यासाठी अर्धा दिवस वाया घालवू नका.

वायर घसरते म्हणून फीडरमधले वायर ढकलणारे रोलर करकचून आवळणारे खूप. त्यानं वायर दबते, तांब्याचा मुलामा खरवडला जाऊन लायनरमध्ये, म्हणजे वायर टॉर्चपर्यंत नेणाऱ्या नळीत, बसतो आणि फीडरपाशी गुंता होतो. टॉर्चमधून येणारी वायर लाकडाच्या फळीवर टेकवून बघा. ती वाकून पुढे येत राहिली की तेवढा दाब पुरे. दर नव्या स्पूलला लायनरमधून कंप्रेसरची हवा मारा. पावसाळ्यात स्पूल रात्री मशीनवर उघडं ठेवू नका.

जस्ताचा पत्रा असेल तर जोडाजवळचं जस्त आधी घासून काढा, आणि धूर तोंडाशी येऊ देऊ नका. नाहीतर रात्री हुडहुडी भरून ताप येतो. गूळ खाल्ला की धूर बाधत नाही, असं आपल्याकडे अजून सांगतात. गूळ जरूर खावा, पण फुप्फुसाचा त्याच्याशी संबंध नाही.

दिसायला देखणा, आत कच्चा

भोकं निदान डोळ्यांना दिसतात. मला जास्त भीती वाटते ती न चिकटलेल्या जोडाची. उसाचा हंगाम तोंडावर आला की ट्रॉल्यांची रांग लागते आणि घाई होते. एकदा दुसरीकडून दुरुस्त होऊन आलेला ट्रॉलीचा दांडा आमच्याकडे तुटून आला. वरून माशाच्या खवल्यांसारखा सुरेख बीड, म्हणजे वेल्डची पट्टी, आणि तुटलेल्या बाजूला प्लेटची मूळ कड जशीच्या तशी शाबूत. धातू वर नुसता बसला होता. जाड प्लेटवर पातळ पत्र्याचं सेटिंग, 18-19 व्होल्ट, ठेवलं की हेच होतं. त्या सेटिंगला वायर टेकून टेकून वितळते आणि जाड प्लेट सगळी उष्णता पिऊन टाकते.

टॉर्च लांब धरल्यावरही तेच. टिपेपासून बाहेर आलेली वायर 20-25 मिमीवर गेली की अँपिअर घसरतात, मुळापर्यंत वितळत नाही. बारीक कामाला दहा-बारा, जाड कामाला पंधराच्या आसपास मिलिमीटर ठेवा. कडा व्ही आकारात घासा, वितळलेल्या डबक्याच्या पुढच्या कडेवर आर्क ठेवा, मागच्या बाजूला नाही.

सेटिंगची खात्री करायला त्याच जाडीचे दोन भंगार तुकडे घ्या, टी आकारात उभे करून एकाच बाजूनं वेल्ड करा. थंड झाल्यावर उभा तुकडा हातोड्यानं वेल्डच्या बाजूला पाडा. कोपऱ्यातली मूळ कड सरळ रेघेत शाबूत दिसली, तर त्या सेटिंगवर दांड्याला हात लावायचा नाही.