पेठांमध्ये लो एमिशन झोन आला तर तुमच्या गाडीचं काय? आत्ताच तपासा

पुण्यात लक्ष्मी रस्ता, तुळशीबाग, मंडई या भागात जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांना अटकाव करावा का, हा विषय निघाला की बोलणं हमखास ‘माझी गाडी किती वर्षांची झाली’ इथेच येऊन थांबतं. त्या भीतीपोटी लोक चांगल्या चालत्या गाड्या मिळेल त्या भावात काढून टाकतात. पण लो एमिशन झोनचा नियम दोन अगदी वेगळ्या पद्धतींनी लिहिता येतो, आणि तुमची गाडी आत राहणार की बाहेर, हे त्यावर ठरतं.

दिल्लीने वयाचा नियम धरला: डिझेल 10 वर्षं, पेट्रोल 15 वर्षं. जुलै 2025 मध्ये अशा गाड्यांना पंपावर इंधन न देण्याचा आदेश निघाला, लोकांच्या संतापामुळे तो काही दिवसांतच थांबवावा लागला आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने निव्वळ वयावरून सक्तीची कारवाई करू नका असं सांगितलं. लंडनने टप्पा धरला, म्हणजे गाडी उत्सर्जनाच्या कोणत्या मानकाची आहे ते. तिकडे त्याला युरो-4, युरो-6 म्हणतात, आपल्याकडे बीएस-3, बीएस-4, बीएस-6 (बीएस म्हणजे भारत स्टेज). तिथला झोन 8 एप्रिल 2019 ला सुरू झाला आणि 29 ऑगस्ट 2023 पासून शहराच्या सगळ्या बरोंमध्ये (प्रशासकीय विभागांत) लागू झाला. पेट्रोल गाडी युरो-4 आणि डिझेल युरो-6 असेल तर काही नाही, नसेल तर दिवसाला साडेबारा पौंड.

आता पुण्यातल्या दोन गाड्या घ्या. एक 2010 च्या उत्तरार्धातली बीएस-4 पेट्रोल, दुसरी 2019 ची बीएस-4 डिझेल. वयाचा नियम लावला तर पहिली बाद आणि दुसरी आत. टप्प्याचा लावला तर बरोबर उलटं. आमच्या मते टप्प्याचाच नियम न्याय्य आहे, कारण काजळी आणि नायट्रोजन ऑक्साइड गाडीची जन्मतारीख पाहून बाहेर पडत नाहीत.

आधी टप्पा शोधा

एमपरिवहन किंवा डिजिलॉकरमध्ये आरसी उघडा आणि उत्सर्जन मानकाची ओळ बघा. देशभर बीएस-4 एप्रिल 2017 पासून आणि बीएस-6 एप्रिल 2020 पासून सक्तीचं झालं. चारचाकींसाठी पुणे मात्र एप्रिल 2010 लाच बीएस-4 च्या यादीत होतं, साताऱ्यासारखे जिल्हे तेव्हा नव्हते. म्हणून 2011 ची एमएच 12 बीएस-4 आणि त्याच मॉडेलची, त्याच वर्षाची एमएच 11 बीएस-3, असं होऊ शकतं. सेकंडहँड गाडी घेताना हे विचारायचं बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. दुचाकींना बीएस-3 च 2010 मध्ये आलं, त्यामुळे 2010 ते 2016 मधली स्कूटर सहसा बीएस-3 असते.

आरसीवर ती ओळ रिकामी किंवा चुकीची असेल तर गाडी घेतानाच्या कागदांतला फॉर्म 22 शोधा, त्यावर कंपनीने मानक लिहिलेलं असतं. तो हरवला असेल तर चासी नंबर देऊन कंपनीच्या डीलरकडून लेखी घ्या आणि आरटीओत नोंद दुरुस्त करून घ्या. हे काम टाळू नका. लंडनच्या झोनमध्ये कॅमेरा धूर मोजत नाही, नंबरप्लेट वाचतो आणि नोंद तपासतो. आपल्याकडेही कॅमेरे लावले तर सरकारच्या ‘वाहन’ या नोंदणी प्रणालीत चुकलेला टप्पा म्हणजे रोजचं चलन. एप्रिल 2019 आधीच्या गाडीला एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबरप्लेट) बसवणं याच कारणाने गरजेचं आहे. तिच्याबरोबर काचेवर लावायचा स्टिकर येतो: पेट्रोल-सीएनजीला फिका निळा, डिझेलला नारिंगी. बीएस-6 असेल तर त्यावर एक सेंटिमीटरची हिरवी पट्टी असते.

मग धूर

पीयूसी बीएस-4 आणि बीएस-6 ला वर्षभर चालते, त्याआधीच्या गाड्यांना सहा महिने. बहुतेक लोक पंपावर पेट्रोल भरता भरता ती काढतात आणि कागद डिकीत टाकतात. त्या कागदावरचे आकडे हाच गाडीचा सगळ्यात स्वस्त रिपोर्ट आहे, तो वाचा.

चाचणीला थंड गाडी नेऊ नका. पंधरा-वीस मिनिटं चालवून इंजिन गरम झाल्यावर जा, कारण कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग) तापल्याशिवाय काम करत नाही. नळी सायलेन्सरमध्ये किमान 30 सेंटिमीटर आत गेली पाहिजे. तोंडाशी नुसती अडकवली तर बाहेरची हवा मिसळते आणि आकडा खोटा चांगला येतो. दुचाकीच्या सायलेन्सरमध्ये ती इतकी आत जात नाही, तिथे जोडनळी लावायला सांगा.

बीएस-4 पेट्रोल चारचाकीला आयडलवर, म्हणजे रेस न करता, सीओ (कार्बन मोनॉक्साइड) 0.3 टक्के आणि एचसी (न जळलेलं इंधन) 200 पीपीएम ही मर्यादा आहे. रेस करून साधारण 2500 आरपीएमला लॅम्डा, म्हणजे हवा आणि इंधनाच्या प्रमाणाचा आकडा, 0.97 ते 1.03 मध्ये हवा. बिघाड असा ओळखा:

- सीओ जास्त, लॅम्डा एकच्या खाली: इंधन जास्त जातंय. आधी एअर फिल्टर बघा, मग ऑक्सिजन सेन्सर, मग गळणारा इंजेक्टर.
- एचसी जास्त पण सीओ ठीक: मिसफायर. प्लग, कॉइल, नाहीतर व्हॉल्व्ह.
- लॅम्डा 1.03 च्या वर: बहुतेक वेळा सायलेन्सरचा जोड फुटलेला असतो. इंजिन चालू असताना जोडाजवळ हात धरा, जोडाला न टेकवता. फुसफुस वारा लागला तर तिथेच.
- गरम गाडीतही सीओ आणि एचसी दोन्ही जास्त, बाकी सगळं ठीक: कन्व्हर्टर गेला. हा खर्च मोठा असतो, म्हणून वरच्या तिन्ही गोष्टी तपासल्याशिवाय मेकॅनिकला तो बदलू देऊ नका.

जुन्या कार्ब्युरेटरच्या स्कूटरचा प्लग काढून बघा. टोकाला कोरडी काळी भुकटी म्हणजे मिश्रण जाड आहे, स्क्रू आणि फिल्टर बघा. ओली तेलकट काजळी म्हणजे ऑइल वर येतंय, ट्यूनिंगने ते थांबणार नाही. बिस्किटाचा रंग असेल तर सगळं ठीक.

डिझेलची चाचणी वेगळी. एक्सलेटर झटक्यात पूर्ण दाबून धुराची दाटी मोजतात. बीएस-4 ला मर्यादा 1.62, त्याआधीच्यांना 2.45. इंजिन पूर्ण रेसला जातं, म्हणून ऑइलची पातळी आणि टायमिंग बेल्ट आधी तपासून घ्या. झिजलेला बेल्ट याच वेळी तुटू शकतो. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा इंजेक्टर खराब, निळा म्हणजे ऑइल जळतंय.

बीएस-6 डिझेलवाल्यांची अडचण पुण्यात खास आहे. कोथरूड ते डेक्कन अशा चार-पाच किलोमीटरच्या फेऱ्यांत डीपीएफ (काजळी अडवणारा फिल्टर) साठलेली काजळी जाळण्याइतका तापतच नाही. दिवा लागला की बायपासला गाडी काढा, मॅन्युअलमध्ये दिलेल्या वेगाने पंधरा-वीस मिनिटं सलग चालवा आणि काम पुरं होईपर्यंत बंद करू नका. डीपीएफ काढून टाकायचा सल्ला देणारा भेटतोच, त्याचं ऐकू नका. ते बेकायदेशीर आहे, आणि जो फिल्टर काजळी अडवतो तोच काढला तर ती नळीमागे उभ्या असलेल्या दुचाकीवाल्याच्या छातीत जाते.

ठेवायची की काढायची

15 वर्षांनंतर फेरनोंदणीचं शुल्क कारला 5,000 आणि दुचाकीला 1,000 रुपये. ऑगस्ट 2025 पासून 20 वर्षांपुढच्या गाड्यांना 10,000 आणि 2,000. पर्यावरण कर वेगळा. उशीर केला तर कारला महिन्याला 500, दुचाकीला 300 दंड वाढत जातो.

नुसता झोनसाठी सीएनजी किट बसवायच्या आधी थांबा. आरसीवर इंधन बदलतं, टप्पा तोच राहतो. नियमात सीएनजीला वेगळी सूट असेल तरच उपयोग. सिलिंडरची चाचणी दर तीन वर्षांनी करावी लागते, तेही हिशेबात धरा.

बीएस-3 डिझेल असेल तर मोडीत काढायचा विचार खरंच करा. नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रातच द्या, भंगारवाल्याला नको. केंद्राचं ठेव प्रमाणपत्र मिळालं तरच नव्या गाडीच्या करात सूट मिळते आणि जुनी नोंदणी रद्द होते. आरसीवर कर्जाचा बोजा असेल तर तो आधी उतरवा, नाहीतर केंद्र गाडी घेत नाही.

हरकत लिहायची तर

एखाद्या भागात वाहनांना बंदी मोटार वाहन कायद्याच्या कलम 115 खाली घातली जाते. एका महिन्यापेक्षा जास्त काळ चालणार असेल तर राजपत्रात अधिसूचना लागते. त्याआधी वाहतूक शाखा प्रायोगिक बदल करते आणि हरकती-सूचना मागवते, तेव्हाच लिहायचं. ‘गैरसोय होईल’ एवढ्याने कोणी काही बदलत नाही. नेमकं मागा: नियम वयावर नको, टप्प्यावर हवा. रविवार पेठ, बोहरी आळीत माल उतरवणाऱ्या छोट्या टेम्पोंना पहाटेची ठराविक वेळ आणि गाडी बदलायला मुदत मिळावी. झोनमध्ये राहणाऱ्यांना आणि दिव्यांगांच्या गाड्यांना पास मिळावा. झोनच्या कडेला पार्किंग आणि आतपर्यंत पीएमपीची छोटी बस नियम लागू होण्याआधी सुरू व्हावी. झोनला पाठिंबा असला तरी लिहा, कारण हरकतीच आल्या तर फाइल तिथेच थांबते. पत्राला आरसी आणि पीयूसीची प्रत जोडा, पत्र दोन प्रतींत द्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक व शिक्का घेऊनच खिडकीवरून हला.