गायतोंडेंच्या चित्रावर बोली लावण्याआधी

लिलावाचा कॅटलॉग हातात आला की एस्टिमेटच्या, म्हणजे अंदाजे किमतीच्या, आधी प्रीव्ह्यूच्या, म्हणजे लिलावापूर्वी चित्रं बघायला ठेवतात त्या, तारखा बघा आणि त्यातले दोन दिवस मोकळे ठेवा. अमूर्त चित्रं काढणारे चित्रकार वासुदेव गायतोंडे, त्यांचं तैलचित्र मोबाइलवर कळत नाही. रोलर आणि पॅलेट नाइफने ते रंगाचे थर चढवत, खरवडत, पुन्हा चढवत. आतून झिरपल्यासारखा वाटणारा तो उजेड समोर उभं राहूनच बघावा लागतो. म्हणून पहिल्या दिवशी काही तपासू नका. अर्धा तास चित्रासमोर बसा, आणि मन लागलं नाही तर खुशाल परत या.

मन लागलं, तर दुसऱ्या दिवशी चित्र उतरवून पाठ दाखवायला सांगा. संकोच करू नका. गायतोंडेंच्या बहुतेक चित्रांना नाव नसतं. ओळख टिकते ती साल, माप आणि सहीवर. आणि सही कित्येकदा मागे असते, देवनागरीतसुद्धा. मला तर ती देवनागरी अक्षरं बघितली की चित्रकार भेटल्यासारखा वाटतो! पण तेवढ्यावर भुलू नका. जुन्या गॅलरीचं पिवळं लेबल, चौकटीचं लाकूड, खिळ्यांवरचा गंज, सगळं एकाच वयाचं दिसतंय का ते बघा. टेप लावून माप कॅटलॉगशी ताडून घ्या.

कंडिशन रिपोर्ट, म्हणजे चित्राच्या सध्याच्या अवस्थेचा अहवाल, लेखी मागा. यूव्ही (अतिनील) टॉर्चखाली अलीकडचं रिटचिंग, म्हणजे नंतर केलेली रंगाची डागडुजी, बहुधा काळपट डागासारखं दिसतं. मुंबईच्या हवेत राहिलेल्या कॅनव्हासवर बुरशी शोधाच. चित्र कुणाकडून कुणाकडे गेलं, याच्या नोंदीत मधली वीस वर्षं गायब असतील, तर तेही लेखी विचारा.

पैशांचं गणित घरीच मांडा. 2013 साली ख्रिस्तीज या लिलावसंस्थेच्या मुंबईतल्या लिलावात गायतोंडेंच्या 1979च्या चित्रावर हातोडा 20.5 कोटींवर पडला, पण प्रीमियम, म्हणजे लिलावसंस्था खरेदीदाराकडून घेते ती वरची रक्कम, धरून किंमत झाली 23.7 कोटी. शिवाय कर, विमा, वाहतूक. तुमची मर्यादा या सगळ्यासकट कागदावर लिहा आणि तो कागद घरातल्या दुसऱ्या माणसाच्या हाती द्या. केवायसी आणि पॅडलची, म्हणजे बोली लावताना उंचावायच्या नंबराच्या पाटीची, नोंदणी आधीच उरका.

आणि घरची भिंत आत्ताच ठरवा. पावसाळ्यात ओल धरणारी बाहेरची भिंत नको, दुपारचं ऊन येणारीही नको.