जमैकाच्या गुलाम-नोंदवह्या वाचताना या चुका टाळा

जमैकाच्या ऊसमळ्यांवर गुलामगिरीत राबवलेल्या माणसांचा माग लंडनच्या क्यू भागातल्या राष्ट्रीय अभिलेखागारात, 'टी ७१' या मालिकेत लागतो. १८१७ ते १८३२ दरम्यान दर तीन वर्षांनी मळेवाल्यांनी आपल्या ताब्यातल्या गुलामांची ही विवरणं भरली.

सगळ्यांत घातक चूक म्हणजे १८२० मध्ये नाव दिसलं नाही की माणूस मेला किंवा विकला गेला असं धरून चालणं. पूर्ण यादी फक्त २८ जून १८१७ची आहे. त्यानंतर केवळ वाढ-घट लिहिली जाई: जन्म, खरेदी, मृत्यू, विक्री. म्हणून नाव नसणं ही बहुधा माणूस त्याच मळ्यावर हयात असल्याची खूण असते. १८१७ची यादी आधी पूर्ण उतरवून घ्या आणि प्रत्येक विवरणाची जमा-वजा करा. एकूण आकडा जुळत नसेल तर एखादं पान राहिलंय किंवा अक्षर चुकीचं लागलंय. दोन विवरणांच्या मधल्या काळात जन्मून दगावलेली बाळं मात्र बहुधा कुठेच सापडत नाहीत. आईच्या दोन मुलांत मोठं अंतर दिसलं, तर तिथे मूल झालंच नाही असं लिहू नका.

नावावर विसंबू नका. बरीच नावं जन्मवारावरून पडत: फिब्बा म्हणजे शुक्रवारी जन्मलेली मुलगी, कफी म्हणजे शुक्रवारचा मुलगा. मोठ्या मळ्यावर एकाच नावाच्या अनेक जणी असत. वय, कातडीचा रंग, 'आफ्रिकन' (आफ्रिकेत जन्मलेला) की 'क्रिओल' (वसाहतीतच जन्मलेला) हा रकाना आणि शेरा एकत्र वाचा. आफ्रिकेत जन्मलेल्यांची वयं अंदाजे असतात, त्यामुळे दोन्ही बाजूंना पाच-पाच वर्षं सोडा. बाप्तिस्म्यानंतर नाव बदलतं, आडनाव येतं. ते मालकाचंच असेल असं नाही. 'ऊर्फ' दिसलं की दोन्ही नावं टिपा. जन्माच्या शेऱ्यात आईचं नाव मिळतं, बापाचं जवळजवळ कधीच नाही, कारण कायद्याने गुलामी आईकडून येई. वंशावळ आईकडूनच बांधा.

विवरणावर अनेकदा मालकाऐवजी मुखत्याराचं, विश्वस्ताचं किंवा गहाणदाराचं नाव असतं. त्यामुळे मळ्याच्या नावाने शोधा, आणि पॅरिश (जमैकाचा प्रशासकीय विभाग) जुनाच धरा. १८६७ मध्ये २२ पॅरिशांचे १४ झाले. व्हीअर तेव्हा क्लॅरेंडनमध्ये गेला. मळ्याच्या कागदांतल्या किमती बऱ्याचदा जमैकन पौंडात असतात: असे १४० म्हणजे १०० ब्रिटिश (स्टर्लिंग) पौंड.

याच मालिकेत मॉरिशसच्या गुलाम-नोंदवह्याही आहेत. तिथे गेलेले रत्नागिरीकडचे पूर्वज शोधणाऱ्यांनी मात्र मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेतले करारी मजुरांचे कागद आधी पाहावेत. ते लोक १८३४ नंतर करारावर गेले. 'टी ७१'मध्ये 'भारतीय' अशी नोंद दिसली तर ती त्याआधी गुलाम म्हणून नेलेल्या माणसाची आहे.