मेंथा लावायचाय? आधी तेलाचं गिऱ्हाईक बघा

जानेवारी लागला की माझ्याकडे फोन सुरू होतात. ऊस तुटून गेलेला असतो, हरभरा महिन्याभरात निघणार असतो, आणि एकरी लाखाचं उत्पन्न सांगणारा व्हिडिओ कुणीतरी पाठवलेला असतो. "सर, मेंथा लावू का?" मी उलट दोनच गोष्टी विचारतो. दादा, गेल्या मे महिन्यात तुमची विहीर दिवसाला किती तास चालली? आणि तेल कुणाला घालणार? पहिल्याचं उत्तर बहुतेकांकडे असतं. दुसऱ्याचं फार थोड्यांकडे असतं, आणि नुकसान तिथेच होतं.

मेंथा म्हणजे जपानी पुदिना. आपण चटणीला वापरतो तो पुदिना वेगळा. चटणीच्या पुदिन्याच्या तेलात मेंथॉल, म्हणजे बामला गारवा देणारा घटक, जवळजवळ नसतं, त्यामुळे बांधावरचा पुदिना वाढवून तेल काढू, हा विचार सोडून द्या. जगातल्या नैसर्गिक मेंथा तेलापैकी सुमारे ८० टक्के तेल भारतातून जातं. त्यातलं बहुतेक सगळं उत्तर प्रदेशातलं: बाराबंकी, संभल, रामपूर, बदायूं, बरेली, सीतापूर. हे पीक तिकडेच का रुजलं हे समजून घेतलं, तर आपल्याकडे ते कुठे जमेल आणि कुठे नाही हे आपोआप कळतं. तिथे बटाटा, मोहरी किंवा गहू निघतो आणि भाताला अजून अवकाश असतो. त्या मधल्या तीन-चार महिन्यांत मेंथा बसतो. पाणी वर आहे, बोअर उथळ आहेत. मेंथ्याला उन्हाळ्यात दहा-बारा पाळ्या सहज लागतात, तापमान वाढलं की त्याहून जास्त. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पिण्याचं पाणी टँकरने येतं अशा गावात हे पीक घेऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. बारमाही कॅनॉल किंवा नदीचं पाणी, निचऱ्याची जमीन आणि जवळ चालू ऊर्ध्वपातन यंत्र (पाल्याला वाफ देऊन तेल काढण्याची भट्टी), या तिन्ही गोष्टी असतील तरच पुढचं वाचा.

लागवड बियाण्याने होत नाही. जमिनीखाली पसरणाऱ्या पांढऱ्या, रसरशीत खोडांचे तुकडे लावतात, तिकडे त्यांना सकर म्हणतात. थेट लावायचं तर एकरी दीड ते दोन क्विंटल सकर लागतात. त्याऐवजी थोड्या जागेत रोपं करून मार्चमध्ये सरीच्या वरंब्यावर लावली तर सकर कमी लागतात आणि पाणीही वाचतं. औषधी व सुगंधी वनस्पतींवर काम करणाऱ्या लखनऊच्या सीमॅप या केंद्रीय संस्थेने कोसी, सिम-सरयू, सिम-क्रांती, सिम-उन्नती असे वाण काढले आहेत. जानेवारीच्या अखेरीस त्यांचा किसान मेळा भरतो आणि लागवडीचं साहित्य तिथे मिळतं. पहिल्यांदा करणाऱ्याने दहा-वीस गुंठ्यांच्या पुढे जाऊ नये. सकर घेताना पोतं उघडून बघा. काळपट, मऊ पडलेले, आंबूस वास येणारे सकर घेऊ नका, ते शेतात कुजतात. शेणखत अर्धवट कुजलेलं असेल तर वाळवी धरते. पहिले दोन महिने तण वाढू देऊ नका, कारण कापणीत तण मिसळलं की तेलाचा वास बिघडतो आणि घेणाऱ्याला तो लगेच कळतो.

कापणीची वेळ तेलाचा दर्जा ठरवते. कोवळ्या पानात मेंथोन जास्त असतं, पान पक्व होत जाईल तसं त्याचं मेंथॉल होतं. साधारण १०० ते ११० दिवसांनी खालची पानं पिवळी पडू लागतात. त्या बेताने कापणीच्या आठ-दहा दिवस आधी पाणी तोडा आणि स्वच्छ उन्हाच्या दिवशी कापा. आकाश भरून आलं म्हणून घाईने कापलेल्या आणि पावसात भिजलेल्या पाल्यात तेल कमी भरतं. उत्तर प्रदेशात दुसरी कापणीही घेतात. आपल्या काळ्या जमिनीत जूनमध्ये पाणी साचलं की मुळं सडतात, त्यामुळे हिशोब एकाच कापणीचा धरा.

आता माझा स्वतःचा अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी मी दहा गुंठे मेंथा लावला होता. पाला छान आला, दिवसभर शेतातच सुकवला. ओळखीच्या एका शेतकऱ्याकडे गवती चहाची भट्टी होती, तिथे नेला. टाकीला वाफ धरली, पाऊण तासात पाणी आणि तेल गळू लागलं, वर फिकट पिवळा थर जमला. डोळ्यांना झोंबेल इतका गार वास. साडेसात किलो तेल मिळालं. शहरातल्या एका व्यापाऱ्याने फोनवर चांगला भाव सांगितला होता. माल हातात पडल्यावर त्याने दोन थेंब तळहातावर चोळले, हुंगले आणि म्हणाला, "याला लिंबाचा वास आहे." खरंच होता. टाकीच्या जाळीत, कंडेन्सरच्या नळीत गवती चहाचं तेल बसलेलं होतं. त्याने भाव पाडला, वर पाणी आहे म्हणून वजनातही घट धरली. माझ्याकडे ना राखून ठेवलेला नमुना, ना तपासणीचा कागद. देऊन आलो.

म्हणून तुमच्या भागात गवती चहा किंवा पामारोझाची (रोशा गवताची) भट्टी असेल, तर मेंथा घालण्याआधी ती रिकामी, नुसत्या वाफेवर तास-दीड तास चालवा आणि वास जाईपर्यंत थांबू नका. एक टन पाल्यातून पाच ते आठ किलो तेल येतं. एक घाणा तीन-चार तास चालतो. जाळ एकदम मोठा केला तर पाला तळाशी लागतो आणि तेलाला करपट वास येतो. कंडेन्सरचं पाणी कोमट झालं की वाफेबरोबर तेलही हवेत जातं, हे भट्टीवर उभं राहूनच बघायला लागतं. तेल गळून झाल्यावर रात्रभर निवू द्या, खाली बसलेलं पाणी काढा, मग उरलेलं पाणी शोषून घेणाऱ्या निर्जल सोडियम सल्फेटमधून गाळा. गंजलेला डबा नको, डिझेलचा कॅन तर मुळीच नको. ॲल्युमिनियमचं किंवा जाड एचडीपीईचं भांडं काठोकाठ भरून, गार अंधाऱ्या खोलीत ठेवलं तर तेल वर्षभर टिकतं. बाराबंकीकडचे शेतकरी तेल असंच घरात ठेवतात आणि लग्नाला, फीला पैसा लागेल तसं विकतात.

भाव हलतो कसा, हेही लागवडीआधी समजून घ्या. व्यापारात तेल किलोवर विकलं जातं, लिटरवर नाही. एक लिटर तेल साधारण ९०० ग्रॅम भरतं, त्यामुळे वीस लिटरच्या कॅनमध्ये अठरा किलोच बसतं. मुंबईच्या एमसीएक्स या वायदे बाजारात २००५ पासून मेंथा तेलाचे वायदे, म्हणजे पुढच्या तारखेच्या मालाचे सौदे, सुरू झाले. सौदा ३६० किलोचा, म्हणजे १८० किलोची दोन पिंपं, आणि डिलिव्हरी उत्तर प्रदेशातल्या संभल जिल्ह्यातल्या चंदौसीची. तिथले व्यवहार आता पूर्वीइतके नाहीत, तरी मोबाईलवर दिसणारा भाव हा चंदौसीच्या दर्जाच्या तेलाचा असतो. तुमच्या गावचा तो नव्हे. वाहतूक, दलाली आणि थोड्या मालाची कपात वजा करूनच तो वाचा.

२०१२ च्या सुरुवातीला हा भाव किलोला दोन हजारांवर गेला होता. ते बघून लोकांनी सगळीकडे मेंथा लावला आणि पुढच्या दोन वर्षांत भाव हजाराच्या खाली आला. ऑक्टोबर २०१७ च्या शेवटच्या दिवशी जर्मनीत लुडविग्सहाफेनला बीएएसएफ या रसायन कंपनीच्या सिट्रल कारखान्यात आग लागली, सिट्रल हा कृत्रिम मेंथॉलचा कच्चा माल, त्यामुळे कृत्रिम मेंथॉलचा पुरवठा अडला आणि आपलं तेल झपाट्याने चढलं. कारखाना पुन्हा सुरू झाला, तशी ती तेजी ओसरली. बाम, टूथपेस्ट, खोकल्याच्या गोळ्या बनवणाऱ्याला मेंथॉल हवं असतं. ते शेतातून आलं की कारखान्यातून, हे तो दर बघून ठरवतो. म्हणून नैसर्गिक तेल फार महाग झालं की गिऱ्हाईक कृत्रिम मेंथॉलकडे वळतं. आवक जून-जुलैमध्ये सगळ्यात जास्त, तेव्हा भाव दबलेला असतो. गरज नसेल तर त्या दोन महिन्यांत विकू नका.

हिशोब वहीत मांडा. उत्तर प्रदेशात एकरी ४० ते ६० किलो तेल येतं. समजा तुमचा सगळा खर्च, सकर, खुरपणी, पाणी, कापणी, भट्टीचं भाडं धरून, ३५ हजार झाला. तेल ५० किलो निघालं तर किलोला ७०० रुपये घरातच पडले. ३५ किलोच निघालं तर १,०००. गेल्या काही वर्षांत बाजार हजाराच्या आगेमागेच राहिलेला आहे, म्हणजे तेव्हा हातात काहीच उरत नाही. शंभर टक्के खरेदीची हमी देऊन महागडे सकर विकणारे भेटतील. करारात तेलाचा भाव कसा ठरणार, मेंथॉल किती टक्क्यांखाली गेलं तर कपात किती, पैसे किती दिवसांत, हे लिहून देत नसतील तर त्यांना परत पाठवा.

एका शेतकऱ्याचं तेल चंदौसीला नेणं परवडत नाही. १८० किलोचं एक पिंप भरायला सुमारे चार एकर लागतात, म्हणून एकाच भट्टीजवळचे पाच-सहा जण आधी एकत्र या. त्या भट्टीवाल्याशी बोला, आणि किमान दोन खरेदीदारांकडून दर्जाच्या अटी मागवून घ्या. तेल निघाल्यावर प्रत्येक घाण्याचे दोन नमुने काचेच्या गडद बाटलीत भरा, लाख लावा, तारीख टाका. एक नमुना सीमॅपकडे किंवा कनौजच्या सुगंध व सुरस विकास केंद्राकडे गॅस क्रोमॅटोग्राफीसाठी, म्हणजे तेलात कोणता घटक किती टक्के आहे हे सांगणाऱ्या तपासणीसाठी, पाठवा, दुसरा घरी ठेवा. खरेदीदार माल उतरवून घेताना ती बाटली आणि अहवाल समोर ठेवूनच वजन करा. ही बोलणी जानेवारीत झाली, तरच फेब्रुवारीत सकर मागवा.