बोट शिकवायला निघालायत? आधी स्वतःचे हात आवरा

पहिल्या वर्षी मी ज्यांना ज्यांना बोट शिकवली त्यातल्या निम्म्यांना ती एकट्याने धक्क्याला लावता येत नव्हती. आणि मला वाटत होतं मी भारी शिकवतोय!

तुम्हाला स्वतःला बोट चालवता येते, दोर बांधता येतात, समोरासमोर आलात तर दोघांनी उजवीकडे वळायचं आणि उजव्या बाजूने आडवी येणाऱ्याला वाट द्यायची, हे सगळं पाठ आहे असं धरूनच लिहितोय. मी ज्या खड्ड्यात पडलो तो वेगळाच होता.

माझ्याकडे एक मालक यायचे, नवीकोरी बोट, एकच इंजिन, सुकाणूवाली. गृहस्थ सावध, वहीत लिहून घेणारे. पाच लेसन झाले. प्रत्येक वेळी धक्का जवळ आला की मी म्हणायचो, "थोडं अजून... थोडं... बरं थांबा, द्या इकडे," आणि गिअर आणि वेगाच्या लिव्हरवर हात टाकून दोन सेकंद रिव्हर्स मारायचो, बोट गपगार उभी. ते खूश, मी खूश. सहाव्या वेळी ते बायकोला घेऊन एकटेच गेले. धक्का उजव्या हाताला होता, नाक थोडं धक्क्याकडे करून आले, वेग जरा जास्त वाटला म्हणून रिव्हर्स टाकला तर शेपटी डावीकडे गेली आणि नाक धक्क्याकडे अजूनच वळलं. घाबरून अजून जोरात रिव्हर्स. शेपटी अजून बाहेर. नाकाचं फायबर फुटलं, आणि त्यांच्या बायकोने बोट अडवायला पाय पुढे केला होता तो अगदी थोडक्यात वाचला. फोनवर मला एवढंच म्हणाले, "तुमच्या हातात असं कधी झालं नव्हतं हो."

ते वाक्य मला अजून टोचतं. कारण माझ्या हातातही तेच होत होतं. बोटीखालचा, पुढे जाताना उजवीकडे फिरणारा पंखा रिव्हर्समध्ये शेपटी डावीकडे ओढतो, आणि त्या वेळी पाणी सुकाणूवरून नीट वाहत नसतं म्हणून स्टिअरिंग कितीही फिरवा, सुरुवातीला काही फरक पडत नाही. मला सवय होती, मी आधीच कोन कमी करून, वेग मारून ते खपवून टाकायचो, सांगायचो मात्र नाही, कारण मी ते करतोय हे माझं मलाच कळत नव्हतं. म्हणजे पाच लेसन त्यांनी बोट लावलीच नव्हती, मी लावली होती, फक्त त्यांचा हात माझ्या हाताखाली होता. तुमचा हात एकदा लिव्हरवर गेला की समोरच्याच्या डोक्यात "हे आपल्याला येतं" एवढंच उरतं, आणि हे तुम्हाला त्या दिवशी दिसत नाही, तुम्ही बोटीवर नसता त्या दिवशी दिसतं.

आता मी धक्क्याजवळ जातच नाही सुरुवातीला. मोकळ्या पाण्यात वजन बांधलेला रिकामा कॅन सोडतो आणि सांगतो, पाच मिनिटं नाक याच्याजवळ ठेवा, गिअर टाका, एक-दोन मोजा, परत न्यूट्रल. आधी नुसतं न्यूट्रलमध्ये बसायला लावतो, वारा बोट कुठे नेतो बघा म्हणून. बहुतेक बोटींचं नाक आधी वाहतं, पुढचा भाग हलका आणि पाण्यात कमी बुडालेला असतो ना. मग रिव्हर्स टाकून शेपटी कुठे पळते ते त्यांच्याच तोंडून वदवून घेतो. आउटबोर्ड, म्हणजे मागे बाहेर लटकणारं इंजिन असेल तर आधी स्टिअरिंग फिरवा, मग गिअर, कारण तिथे पंख्याचा जोरच बोट वळवतो, न्यूट्रलमध्ये तसं काहीच वळत नाही. कंटाळा येतो लोकांना, येऊ दे.

आणि धक्क्याला जायच्या आधी शब्द ठरवून घेतो. "न्यूट्रल" म्हणजे सगळं थांबवा. "सोडा" म्हणजे हा प्रयत्न रद्द, बाहेर निघा, परत या. धक्का दीड बोटीएवढा लांब असेपर्यंत नाही जमलं तर सोडायचं, हे आधीच ठरलेलं, तिथे चर्चा नाही. मला बोट घ्यावीच लागली तर मोठ्याने "बोट माझ्याकडे" म्हणतो, आणि मग तोच प्रयत्न त्यांच्याकडून परत करून घेतो. हातात काय धरतो माहितीये? फेंडर, म्हणजे बोट धक्क्याला घासू नये म्हणून मध्ये लावायची ती गुबगुबीत उशी, दोन्ही हातांनी! हात मोकळे ठेवले की ते लिव्हरकडे जातातच, मी स्वतःला ओळखतो. अजून एक, माणूस मागे बघत रिव्हर्स घेत असताना "डावीकडे, उजवीकडे" ओरडू नका, त्याचं डोकं फिरतं, "धक्क्याकडे" आणि "बाहेर" म्हणा.

बो थ्रस्टर (नाक बाजूला ढकलणारा छोटा पंखा), जॉयस्टिक वगैरे असेल तर पहिले काही लेसन बंद ठेवा, ही माझी जिद्द समजा. ओरडून शिकवणारे गुरू भेटतील, मीही अशाच एकाकडे शिकलो, भीतीने माणूस लिव्हर फक्त जोरात ओढायला शिकतो. आणि "हाताला आपोआप येतं" म्हणणाऱ्यांचं तर ऐकूच नका, तेच म्हणत मी ती पाच लेसन वाया घालवली.

बाकी पटकन. किल कॉर्ड (चालवणाऱ्याला अडकवायची दोरी, तो पडला की इंजिन बंद होतं) अडकवल्याशिवाय इंजिन सुरू नाही, यात सवलत नाही, ओळखीचा असो की मोठा साहेब. ड्रेन प्लग, म्हणजे पाणी काढायच्या भोकाचं बूच, लावलाय का ते बोट पाण्यात उतरवायच्या आधी हात लावून बघायचं. पेट्रोलचं आतलं इंजिन असेल तर सुरू करायच्या आधी ब्लोअर, म्हणजे आतली पेट्रोलची वाफ बाहेर फेकणारा पंखा, किमान चार मिनिटं. हात किंवा पाय बोट आणि धक्क्याच्या मध्ये कधीच नाही, फायबर परत बसवता येतं. आणि मालकाबरोबर जो येतो त्यालाही इंजिन बंद करणं, रेडिओच्या चॅनल १६ वर मेडे (जीव धोक्यात असल्याची हाक) बोलणं आणि पाण्यात पडलेल्याकडे बोट वळवणं शिकवा. पाण्यात मालकच पडला तर?

सुरुवातीला तुमचे विद्यार्थी ठोकतील थोडंफार. फेंडर त्यासाठीच असतात, लगेच वाटून घेऊ नका की आपल्याला शिकवता येत नाही. मला वाटलं होतं, महिनाभर तोंड लपवत होतो.

ते मालक परत आले शिकायला, मी फुकट शिकवलं, एवढं तर करायलाच हवं होतं. त्या दिवशी वारा आडवा होता. पहिले दोन प्रयत्न मी "सोडा" म्हणालो. तिसऱ्यांदा मी तोंड उघडायच्या आत तेच "सोडा" ओरडले आणि बाहेर निघाले. चौथ्यांदा लागली. जरा वाकडीच लागली, मी फेंडर एवढा आवळला होता की बोटं दुखत होती.