एबीएसचा दिवा लागला की आधी चाकापाशी बसा

पाऊस जरा उघडला की आमच्या वर्कशॉपात एबीएसचा, म्हणजे ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा, पिवळा दिवा पेटलेल्या गाड्या यायला लागतात. पांदणीनं वावरापर्यंत गाडी गेलेली, काळ्या मातीचा चिखल चाकात भरून वाळलेला, आणि मालकाला कुणीतरी सांगून ठेवलेलं, "भाऊ, मॉड्यूल गेलं, मोठा खर्च आहे." मॉड्यूल जात नाही असं नाही, पण त्याच्यावर हात ठेवायचा तो सगळ्यात शेवटी. काऊन, ते त्याचं काम समजलं की कळतं.

बॉनेट उघडा. ब्रेक पेडलनं दाबल्या जाणाऱ्या मास्टर सिलिंडरपासून दोन पाइप एका ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यात शिरतात आणि तिथून चार चाकांकडं चार पाइप निघतात. ठोकळ्याच्या एका अंगाला पंपाची मोटर, दुसऱ्या अंगाला काळा डबा. तो डबा म्हणजे मॉड्यूल, एबीएसचा कॉम्प्युटर. त्याला स्वतःला रस्ता दिसत नाही, ते फक्त सेन्सरचं ऐकतं. प्रत्येक चाकाच्या हबपाशी सेन्सर असतो आणि त्याच्यासमोर दातेरी रिंग फिरते. बऱ्याच नव्या गाड्यांत दात नसतात, बेअरिंगच्या सीलमध्येच चुंबकीय रिंग असते. येणाऱ्या सिग्नलवरून मॉड्यूल चारही चाकांचा वेग मोजत राहतं.

आता समजा, ओल्या डांबरी रस्त्यावर रोही आडवा आला आणि तुम्ही ब्रेक दाबला. एक चाक गाडीच्या मानानं फारच झपाट्यानं मंदावलं, म्हणजे ते जाम होणार. मॉड्यूल त्या चाकाचा इनलेट व्हॉल्व्ह बंद करतं, म्हणजे पायाचा जोर पुढं जात नाही. तेवढ्यानं भागलं नाही तर आउटलेट उघडून थोडं ब्रेक ऑइल बाजूला काढतं. चाक पुन्हा फिरू लागतं, पंप ते ऑइल परत ढकलतो, इनलेट उघडतो. हे एका सेकंदात कितीतरी वेळा होतं, म्हणून पेडल पायाखाली थरथरतं. खूप जण इथंच घाबरून पाय उचलतात. उचलू नका! पेडल दाबूनच ठेवा आणि स्टिअरिंग वळवा. जाम झालेल्या चाकांवर गाडी वळत नाही, फिरणाऱ्या चाकांवर वळते, एबीएसचा खरा फायदा तो आहे. सुट्या गिट्टीवर किंवा मुरमावर मात्र एबीएसची गाडी थोडी लांब जाऊन थांबू शकते. तिथं वेगच कमी ठेवायचा.

करंट नसला तर इनलेट उघडाच राहतो, म्हणून दिवा लागला तरी साधा ब्रेक लागतो. पण पिवळ्यासोबत ब्रेकचा लाल दिवाही असेल, तर आधी ब्रेक ऑइलची पातळी पाहा. ती बरोबर असली तरी मागच्या चाकांचा जोर सांभाळणारं ईबीडी बंद झालेलं असू शकतं. मग जोरात ब्रेक मारला की मागचा भाग घसरू शकतो. अशी गाडी हायवेला घालू नये.

तपासायला बॅटरी आणि फ्यूजपासून सुरुवात करा. पंप आणि व्हॉल्व्हचे फ्यूज बहुतेक गाड्यांत वेगवेगळे असतात. मग बिघाडाचा कोड वाचणारा स्कॅनर लावा. कोडमध्ये 'डावा पुढचा सेन्सर' आलं म्हणून लगेच सेन्सर मागवू नका. कोड त्या सर्किटचा असतो, आणि सर्किटमध्ये वायरही आली, कनेक्टरही आला. एकाला स्कॅनर धरून बसवा, गाडी 20 च्या वेगानं चालवा आणि चारही चाकांचे आकडे पाहा. जे चाक शून्य दाखवतं किंवा उड्या मारतं, त्याच्यापाशी बसा.

आधी धुवा. मग वायर बोटांनी चाचपत जा. कुटाराच्या ढिगाजवळ गाडी उभी असेल तर उंदरानं कुरतडलेली वायर हमखास सापडते. शॉकअपजवळ वायर वाकते, तिथं वरून चांगली दिसते पण आतली तार तुटलेली असते. वायर हलवली आणि आकडा गेला, की जागा सापडली. कोरड्या रस्त्यावर हळूच थांबतानाही पेडल थरथरत असेल आणि दिवा मात्र लागत नसेल, तर सेन्सर काढून खालची जागा पाहा. गंज चढून सेन्सर वर उचललेला असतो, हळू वेगात त्याचा सिग्नल तुटतो आणि मॉड्यूलला वाटतं चाक जाम झालं. गंज घासला की गाडी बरी होते. आणि नुकतंच बेअरिंग बदललं असेल तर ते उलटं तर बसलं नाही ना, हे विचाराच. चुंबकीय बाजू सेन्सरकडं नसेल तर नवा सेन्सरही मुकाच राहणार.

जुन्या, दातेरी रिंगवाल्या सेन्सरचं चाक हातानं फिरवून मीटरवर एसी व्होल्ट पाहता येतात. नव्या ॲक्टिव्ह सेन्सरला, म्हणजे करंट मिळाल्यावरच चालणाऱ्या सेन्सरला, ओहमचा मीटर लावू नका, तो खराब होऊ शकतो. तिथं मॉड्यूलकडून करंट येतो का, तेवढं पाहा.

एवढं करूनही पंपाचा किंवा व्हॉल्व्हचाच कोड परत येत असेल, तर मॉड्यूलचा कनेक्टर काढा आणि पंपाच्या पॉवर-अर्थच्या पिनांवर हेडलाइटचा बल्ब लावा. वायरमधली एकच बारीक तार शाबूत असली तरी मीटर 12 व्होल्ट दाखवतो, बल्ब मात्र मंद जळतो. बल्ब लख्ख पेटला आणि कोड तरी जात नाही, तेव्हाच मॉड्यूलवर शंका घ्या. पंपाकडच्या जोडणीला आत तडा गेला असेल तर चांगला कारागीर ती दुरुस्त करतो. बदलायचंच ठरलं तर स्टिकरवरचा नंबर तंतोतंत जुळवा. नव्या मॉड्यूलला गाडीचं कोडिंग लागतं, म्हणजे त्यात त्या गाडीची माहिती भरावी लागते. ठोकळाही काढला असेल, तर आत अडकलेली हवा बऱ्याच गाड्यांत स्कॅनरनं पंप चालवूनच निघते.