मुसळधार पावसात हॅमॉक: नवख्या माणसाला कोरडं कसं झोपवायचं

हॅमॉक, म्हणजे दोन झाडांमध्ये टांगून झोपायची कापडी झोळी, तो झाडांना बांधायचे पट्टे, वर छप्पर म्हणून ताडपत्री, दोऱ्या, टॉर्च, फोमची मॅट, प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधलेले कोरडे कपडे, हे सगळं तुम्ही घेणारच. त्यात एक गोष्ट वाढवा: परकराला लावतात ती सुती नाडी, दोन-तीन मीटर. किराणा दुकानात मिळते. खरा खेळ तिचाच आहे, पण आधी जागेचं बोलू.

ताम्हिणीसारख्या अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय मुक्काम करायचा नाही. मुळशी किंवा भंडारदऱ्याच्या बाजूला ओळखीच्या शेतकऱ्याचा बांध गाठा आणि त्याला विचारूनच झाडाला हात लावा. देवराईत पट्टे बांधायला जाऊ नका, गावाला ते चालत नाही आणि चालूही नये. तिथे जायला जिल्हाधिकाऱ्यांचा बंदी आदेश आहे का, तेही आधी पाहून घ्या. डोंगराच्या उताराखाली आणि ओढ्याच्या काठी तर मुळीच नको. माळीण गाव ३० जुलै २०१४ ला आणि इर्शाळवाडी १९ जुलै २०२३ च्या रात्री दरडीखाली गेली, दोन्ही अशाच पावसात. 'एका रात्रीने काय होतंय' असं म्हणणाऱ्या भावजींना घरीच ठेवा.

झाडं जिवंत, मांडीएवढी जाड, एकमेकांपासून पाच-सहा मोठ्या पावलांवर. आंबा, जांभूळ, ऐन उत्तम. शेवग्याचं लाकूड ठिसूळ, ते सोडा. वर मान करून वाळकी फांदी लटकत नाही ना ते बघा.

आधी ताडपत्री, मग हॅमॉक. उलट केलंत तर अंथरूण भिजल्यावर छप्पर घालाल.

आता नाडी. नवखा माणूस हमखास विचारतो, आणि माझ्या पुतणीने तर अगदी वैतागून विचारलं होतं, "काका, पाऊस वरून पडतोय, मग पाठ खालून कशी भिजतेय?" ताडपत्री फाटलेली नसते, कापडही चांगलं असतं. पाणी येतं पट्ट्यावरून. जोराच्या पावसात झाडाच्या खोडावरून पाण्याचा ओघळ सतत उतरत असतो. पट्टा झाडाकडून हॅमॉककडे खाली उतरतो, म्हणजे तुम्ही स्वतःच्या हाताने अंथरुणात पन्हळ सोडलेली असते. मलाही हे बऱ्याच ओल्या रात्रींनंतर उमगलं, कारण जो तो महागडी ताडपत्री घ्यायला सांगत होता.

उपाय साधा आहे, पण जागा चुकली की फुकट. पट्टा ताडपत्रीच्या कडेखालून आत शिरतो, तिथून वीतभर आत नाडीचे दोन घट्ट वेढे द्या. गाठ खालच्या बाजूला आणि वीतभर टोक मोकळं लोंबतं. कडेच्या बाहेर बांधलीत तर गाठीच्या पुढे पट्टा पुन्हा भिजतो. अगदी हॅमॉकला चिकटून बांधलीत तर थेंब कापडावरच गळतात. लोंबतं टोक हॅमॉकला, बॅगेला, कशालाच लागता कामा नये. नाडी सुतीच हवी, ती पाणी पिते आणि टोकाशी सोडते. नायलॉनच्या गुळगुळीत दोरीवर भरवसा ठेवू नका, पाणी गाठीला वळसा घालून पुढे सरकतं. अशा नाड्या दोन्ही टोकांना बांधायच्या. ताडपत्रीखालून आडवी दोरी नेली असेल, तर तिच्याही दोन्ही टोकांना.

मग तपासा. झाडाजवळ पट्ट्यावर तांब्याभर पाणी हळूहळू ओता आणि नाडीकडे बघत उभे राहा. आधी गाठ काळपट होते, मग ओल टोकापर्यंत उतरते, आणि थेंब फुगून सुटायला लागतो. आता नाडीच्या पुढचा पट्टा दोन बोटांत धरा. कोरडा लागला तर झालं. ओला लागला तर वेढे आवळा आणि पुन्हा पाणी ओता. हे उजेडातच करा, आणि नवख्या माणसाकडूनच करून घ्या. रात्री धो धो कोसळताना 'भिजणार नाहीस' असं तुम्ही शंभरदा म्हणण्यापेक्षा तो थेंब त्याने स्वतः पाहिलेला बरा.

ताडपत्री हॅमॉकपेक्षा दोन्हीकडे निदान हातभर लांब हवी. वाऱ्याची बाजू, म्हणजे आपल्याकडे बहुतेक वेळा पश्चिम, पार खाली ओढा. जांभ्यात खुंट्या शिरत नाहीत आणि चिखलात टिकत नाहीत, तेव्हा कोपरे मोठ्या दगडांना बांधा. नायलॉनची ताडपत्री भिजली की सैल पडते, झोपण्याआधी एकदा ताणा.

पट्टे पॉलिएस्टरचे घ्या. नायलॉनचा पट्टा भिजला की ताणतो आणि पहाटेपर्यंत माणूस जमिनीला टेकतो. बसल्यावर पाय टेकतील एवढ्याच उंचीवर बांधा. झोपायचं तिरकं, सरळ झोपलं की कंबर धरते.

थंडी खालून लागते. पाठीखाली पांघरूण दबून जातं आणि वारा कापडाला थेट लागतो. फोमची मॅट खाली हवीच, 'जुलैत कशाला' असं म्हणणाऱ्याला ती आधी द्या.

जळवा असतात. मीठ जवळ ठेवा, बूट उलटे करून वर टांगा. रात्री लघवीला कुठे जायचं ते उजेडी दाखवून ठेवा, टॉर्च त्याच्याच गळ्यात अडकवा. 'घाबरू नकोस' म्हणू नका, त्याने माणूस जास्त घाबरतो. त्यापेक्षा गाडी कुठे आहे, गावातल्या देवळाची ओसरी कुठे आहे ते सांगा, आणि तो रात्री दोनला 'चला' म्हणाला तर तोंड वाकडं न करता उठा. मात्र गडगडाट सुरू झाला तर त्याने म्हणायची वाट बघू नका, तुम्हीच त्याला उठवून गाडीत बसवा.

सकाळी आधी हॅमॉक काढायचा, ताडपत्री सगळ्यात शेवटी. ती वेगळ्या गोणीत भरा आणि घरी पोचल्यावर त्याच दिवशी गॅलरीत वाळत टाका. दोन दिवस गोणीत राहिली तर बुरशी धरते, आणि तो वास पुढच्या पावसाळ्यापर्यंत जात नाही.